तिसऱ्या खोलीवरची माझी ओळ

इनास सर,

तुम्ही भर सभेत खोटं बोललात, आणि मी ते खरं धरून वर तुम्हालाच चार शब्द सुनावले. "ती ओळ माझी," असं तुम्ही म्हणालात. शाळेच्या छपरावरची ती ओळ तुमची नव्हती, माझी होती. हे मला कळलं तुम्ही गेल्यावर, तुमच्या सातव्या दिवसाच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर, तुमच्याच ओटीवर बसून चहा पिताना. इतक्या वर्षांत मला काय काय शिकवलंत तुम्ही. एवढी एक गोष्ट मात्र सांगितली नाहीत.

खरं म्हणजे मी आज तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. शाळा समितीने जुन्या इमारतीचा इतिहास मागितलाय, नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावायला. "बाई, जुन्या शाळेतल्या शेवटच्या मुख्याध्यापिका तुम्हीच, तुम्हीच लिहा." मी पहिलं वाक्य लिहिलं, 'आपली शाळा सुकेळ्यांच्या वखारीत सुरू झाली,' आणि पेन खाली ठेवलं. ते वाक्य माझं नव्हतं. दुसरं सुचलं, तेही तुमचंच. तेव्हा म्हटलं, जे काही आहे ते ज्याचं त्यालाच लिहावं. समितीला नंतर देता येईल.

जूनच्या पहिल्या शनिवारी तुम्ही पहिलीतल्या पोरांना रांगेने शाळेभोवती फिरवायचात. पहिल्या खोलीत नेऊन भिंतीला नाक लावायला सांगायचात. "इथे केळी सुकवून ठेवायचे. येतो का वास?" पोरं इमानाने सांगायची, "येतो सर, गोड गोड." मला कधीच आला नाही. मी एकदा तुमच्या नकळत नाक लावून पाहिलं होतं, नुसता चुन्याचा वास. मग दुसरी खोली. ती खास मुलींसाठी बांधली होती, कारण मुलगे आणि मुली एका खोलीत बसवायला गाव तयार नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात तिची भिंत बसली, मुली मुलांच्या खोलीत आल्या, आणि भिंत पुन्हा उभी राहिली तोवर त्यांना परत पाठवायचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. हे सांगताना तुम्ही इतके खूश व्हायचात, जसं काही ती भिंत तुम्हीच पाडली होती.

तिसऱ्या खोलीवरून आपलं जे भांडण होतं ते मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, मिठागरावरच्या लोकांनी आपल्या पोरांसाठी ती स्वतः अंगमेहनतीने बांधली, म्हणून तिच्या भिंती बाकीच्या दोन खोल्यांपेक्षा जाड. माझं म्हणणं, दारावरच्या फरशीवर देणगीदाराचं नाव कोरलंय ते काय उगाच? "कागद दाखवा सर," मी म्हणायचे. "कागदाला काय ठाऊक बाई, कागद काय विटा वाहत होता?" असं म्हणून तुम्ही डबा उघडायचात. मागच्या पंधरवड्यात समितीच्या जुन्या कपाटात एक पत्र सापडलं. देणगीदाराने चुना दिला होता, बस्स. बाकी सगळं मिठागरवाल्यांचं. तुम्ही जिंकलात. हे सांगायला आता मी कुठे येऊ?

मी तुमच्या शाळेत आले तेव्हा माझ्या नाकावर राग असायचा. राजापूरकडची मी, लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये आलेली, या पट्ट्यात ना ओळखीचं कोणी ना पाळखीचं. मुलांच्या घरचं बोलणं कळायचं नाही. मी पोरांना 'पानी नाही, पाणी' असं दहादा घोकून घ्यायचे. तुम्ही खिडकीतून ऐकलंत आणि मधल्या सुट्टीत म्हणालात, "बाई, वहीत पाणी असू दे. घरी तेवढं त्यांना पानी पिऊ दे." मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवसापासून मी फक्त वहीत लाल शाई वापरायला लागले.

त्याच वर्षी, परीक्षा संपल्यावर, तुम्ही मला कौलं परतायला बोलावलंत. आता नव्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटेल. पाऊस यायच्या आधी शाळेची सगळी कौलं उतरवायची, शेवाळ झाडायचं, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा चढवायची. हे काम मजुरांना द्यायचं नाही. आढ्यापासून पागोळ्यांपर्यंत सरळ उतरणारी, चार-पाच कौलांइतकी रुंद पट्टी म्हणजे एक ओळ, आणि गावातल्या एकेका घराची एकेक ओळ. ज्याची ओळ त्यानेच परतायची, नाहीतर आपला माणूस पाठवायचा. जूनमध्ये एखादी गळली की खाली बसलेली पोरं ओरडायची, "ए, तुझ्या आजोबांची ओळ मुतते!" आणि त्या घराचा माणूस संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन हजर. या एका लाजेवर ते छप्पर इतकी वर्षं टिकलं होतं. आणि नियम एकच: दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही. लावला तर त्या घराला निष्काळजी म्हटल्यासारखं होतं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद.

तुम्ही मला खाली उभं केलंत आणि वर बोट दाखवलंत. "तिसरी खोली, दाराकडून चौथी ओळ. ते घर जूचंद्रला गेलं राहायला, ओळ रिकामी आहे. ही तुमची."

"माझी कशी सर? माझं इथे घर कुठाय?"

"म्हणून तर."

मी हसले. मला वाटलं, नव्या बाईची गंमत चाललीय. मी खालून कौलं दिली, तुम्ही वर लावलीत, बस्त्यावकाकांनी, त्या केळीच्या वाडीवाल्या तुमच्या बालमित्राने, सगळ्यांना ताडगोळे वाटले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आज मला कौलांचं वतन मिळालं." आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या वर्षापासून निकाल लागला की मी मुलांना घेऊन माहेरी जायचे, ती थेट शाळा उघडायच्या आदल्या दिवशी यायचे. येताना तुमच्यासाठी फणसपोळी आणायचे. छप्पर परतलेलं असायचं. तिसरी खोली कोरडी असायची. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ती चौथी ओळ कोणी परतली असेल. ती गंमत मी विसरूनही गेले होते सर, अगदी स्वच्छ विसरले होते.

ती ओळ तुम्ही परतत होतात. पहिल्या खोलीवरची आपल्या घराची परतायचात, मग शिडी उचलून तिसऱ्या खोलीकडे यायचात. बस्त्यावकाका विचारायचे, "बाईंची तू का करतं?" तुम्ही सांगायचात, "बाई मला सांगून गेल्यात." दरवर्षी. मी कधी काही सांगितलं नव्हतं. हे सगळं तुमच्या घरच्या आग्नेस वहिनींनी त्या दिवशी ओटीवर चहा देताना सांगितलं. "ते म्हणायचे, सांगितलं तर बाईंना वाटेल आपण काम गळ्यात मारतो, आणि नाही सांगितलं तर गाव म्हणेल बाईंना शाळेचं काही नाही. त्यापेक्षा मी चढतो." निवृत्त झाल्यावरही तुम्ही चढत राहिलात. मग गुडघे गेले. तुमची स्वतःची ओळ पुतण्या परतायला लागला, माझी तशीच राहिली. माझ्यासाठी त्याला पाठवता आलं असतं, पण मग तो विचारणार, बाईंनी तुम्हाला सांगितलं तर बाई मलाच का नाही सांगत? एक खोटं इतकी वर्षं सांभाळलं की त्याच्यासाठी किती जपावं लागतं बघा.

तुम्ही सांगायचा प्रयत्न केला होतात, हे आता आठवतंय. मी मुख्याध्यापिका झाले होते. एप्रिलच्या उन्हात काठी टेकत ऑफिसात आलात, पाणी प्यायलात, म्हणालात, "बाई, यंदा गावी किती दिवस?"

"पूर्ण सुट्टी. का हो?"

"नाही. सहज."

मी निकालपत्रकांवर सह्या करत होते. मान वर करून तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तुम्ही बोलला असता की नसता, कोण जाणे. तुम्ही भिडस्त, मी घाईत. थोडा वेळ बसलात, पंखा छान आहे म्हणालात आणि गेलात.

मग तिसरी खोली गळायला लागली. पहिल्या वर्षी बादली ठेवली. दुसऱ्या वर्षी बाकं सरकवली. मी शिपायाला विचारलं, "कोणाची आहे रे ही ओळ?" तो म्हणाला, "बघतो बाई." समितीच्या लोकांना विचारलं, ते छताकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग चपलांकडे. मी चिडायचे. या गावात कोणी सरळ उत्तर देईल तर शपथ, असं घरी येऊन म्हणायचे. आता कळतंय, ते मला काय सांगणार होते? मुख्याध्यापिकेला तोंडावर म्हणायचं, 'बाई, तुमची ओळ मुतते'? पोरंसुद्धा गप्प होती. जी पोरं कोणाच्या आजोबाला सोडत नव्हती ती माझ्यासाठी गप्प बसली. चार पावसाळे पाणी त्याच एका पट्टीतून उतरलं, रिपा कुजल्या, वासे कुजले, आढ्याचं टोक भिंतीतच भुसभुशीत झालं, आणि तुमच्या मिठागरवाल्यांची ती जाड भिंत पोट काढून बाहेर आली.

इंजिनिअर आला, टॉर्च मारली, अहवाल दिला. इमारत धोकादायक. समितीची सभा पहिल्या खोलीत भरली. दोन मतं होती. आढं बदला, तिसऱ्या खोलीची भिंत उतरवून पुन्हा बांधा, बाकी शाळा ठेवा, हे तुमचं. सगळं पाडून स्लॅबची तीन मजली बांधा, हे माझं. पोरांच्या डोक्यावर छप्पर पडलं तर जबाबदारी माझी होती, हे खरं. पण नवी इमारत माझ्या कारकिर्दीत व्हावी असं मला वाटत होतं, हेही खरं. आज ते लपवून काय करू?

तुम्ही उभे राहिलात. पोरांना सांगायचात तसंच सगळं सांगत होतात, वखार, मुली, मिठागर. लोक ऐकत होते. मला दिसत होतं की सभा तुमच्या बाजूला झुकतेय. आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "इतिहास सगळ्यांना पाठ आहे सर. पण चार वर्षं एक ओळ गळतेय आणि तिच्या घराला वर मान करून बघायला वेळ नाही. ज्यांना आपली एक ओळ सांभाळता येत नाही, त्यांनी शाळा वाचवायच्या गप्पा मारू नयेत. कोणाची आहे ती ओळ, एकदा नाव तर कळू दे!"

बस्त्यावकाकांनी तोंड उघडलं होतं, तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात.

"ती ओळ माझी, बाई."

मला धक्का बसला होता, पण त्याहून जास्त मला जिंकल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मग सर, तुम्ही तरी बोलू नका."

तुम्ही बसलात. त्यानंतर तुम्ही खरंच बोलला नाहीत. ठराव मंजूर झाला, सगळ्यांनी खाली बघत हात वर केले. मला वाटलं, त्यांना तुमची लाज वाटतेय.

मी त्या एका वाक्यावर येऊन पुन्हा पुन्हा थांबते. शाळा पडली याचं दुःख आहेच, पण जुन्या इमारती पडतात. कदाचित तुमच्या बाजूने ठराव झाला असता तरी पैशाअभावी ती पडलीच असती. पण ज्या माणसाने त्या गावात मला जागा दिली, त्याला मी त्याच गावासमोर गप्प बसवलं, तेसुद्धा माझ्या चुकीसाठी. आणि तुम्ही बसलात! का बसलात सर? तुम्ही फक्त म्हणायचं होतंत, 'बाई, जरा आठवा.' मला लाज वाटली असती, मी रडले असते, घरी जाऊन जेवले नसते, आणि दुसऱ्या दिवशी शिडी मागायला आले असते. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत. तुमच्या चांगुलपणाचा मला राग येतो, आणि राग आला की लगेच तुमची ती शिडी उचलून चाललेली पाठ दिसते.

पाडकामाच्या दिवशी तुम्ही आला नाहीत. लाकूड ठेकेदाराने सातिवलीच्या एका गोदामात विकलं. वहिनी म्हणाल्या, त्या आठवड्यात तुम्ही दोन बस बदलून एकटेच सातिवलीला गेला होतात. संध्याकाळी आलात, हातपाय धुतलेत, आणि फक्त एवढंच म्हणालात की लाकूड बाकी सगळं खणखणीत होतं, एक टोक सोडलं तर.

आपली शेवटची भेट बाजारातली. मी भाजी घेत होते, तुम्ही काठी टेकत आलात. दीड वर्ष आपण धड बोललो नव्हतो. तुम्ही विचारलंत, "नव्या शाळेत पाणी गळत नाही ना, बाई?" मला तो टोमणा वाटला. "स्लॅब आहे सर," असं म्हणून मी पिशवी उचलली. तुम्ही टोमणा मारत नव्हतात. तुम्ही आयुष्यात कोणाला टोमणा मारला नाहीत. तुम्हाला खरोखर काळजी होती, कारण गळलं असतं तर पुन्हा ते माझ्या नावावर आलं असतं.

काल तुमची शोकसभा झाली, नव्या शाळेच्या हॉलमध्ये. मी भाषण लिहून नेलं होतं. आदर्श शिक्षक, गावाचा चालताबोलता इतिहास, असलं सगळं. उभी राहिले आणि तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. म्हटलं, "त्या दिवशी सर खोटं बोलले. ती ओळ माझी होती. शाळा माझ्या ओळीतून पडली, आणि बोल सरांनी घेतला. मला माहीत नव्हतं, पण ते काही निमित्त नाही. मी कधी विचारलंच नाही." एवढं बोलून मी खाली बसले. वहिनींकडे बघायची हिंमत नव्हती.

मला वाटलं, कोणीतरी आता बोल लावेल. लावावा, असंच वाटत होतं. मग बस्त्यावकाका उठले.

"बाई, आमाला ठाव हाय. आमा सगल्यांनाच ठाव होता. इनासनं सांगितला होता, बाईंना कलू देऊ नका."

"मग काका," मी पुन्हा उठले, "चार पावसाळे! तुमच्यातलं एकजण तरी का नाही चढलं वर?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता, सर. इतकी वर्षं राहून या बाईला एवढंही कसं कळू नये, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"दुसऱ्याच्या ओलीवर कसे चढनार, बाई? तुमी आमच्यातल्या ना!"